दस्ताचा हक्क आणि मुद्रांकाचा भार

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्या साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, परंतु जमिनीच्या कागदाचा इतिहास दोघांचा एकच आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात न्यायदान मंडळे चालविली आणि सावकाराच्या घशात गेलेल्या जमिनी कुळांना व शेतकऱ्यांना परत मिळवून दिल्या. ज्याच्या हाती कागद त्याची जमीन, हा न्याय तेथील कष्टकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसला होता.

हे दुखणे इंग्रज सरकारलाही उमगले होते. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो पुणे, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, अशी तरतूद त्यात होती. आपण कशावर अंगठा उठवीत आहोत हे निरक्षर माणसाला कळावे, हा तिचा हेतू. नोंदणी ही मुळात दुबळ्याच्या संरक्षणाची व्यवस्था होय. तिचे रूपांतर केवळ महसूल गोळा करण्याच्या यंत्रात झाले की दुबळा तिच्यापासून दूर पळू लागतो. आज नेमके हेच घडत आहे.

१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार १०० रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावराचे खरेदीखत नोंदविणे सक्तीचे आहे. शंभर वर्षांत रुपयाचे मोल कोठल्या कोठे गेले, तरी ही मर्यादा तेथेच आहे. म्हणजे गुंठाभर जागा घेणाऱ्या मजुरालाही या व्यवस्थेतून सूट नाही. त्याला सक्ती सोसावीच लागणार असेल, तर भार तरी त्याच्या ऐपतीप्रमाणे हवा. प्रत्यक्षात उलटे आहे. महाराष्ट्रात नोंदणी फी किमतीच्या एक टक्का आहे, परंतु तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. पाच लाखांचा व्यवहार करणारा ५,००० रुपये भरतो, म्हणजे पुरा एक टक्का. तीन कोटींचा व्यवहार करणारा ३०,००० रुपये भरून मोकळा होतो, म्हणजे टक्क्याचा दहावा हिस्सा. मुद्रांक शुल्काला अशी मर्यादा नाही हे खरे, तथापि त्याची टक्केवारी लहान-मोठा पाहत नाही. त्याच हद्दीत दोन गुंठे घेणारा हमाल आणि बंगल्यासाठी भूखंड घेणारा कारखानदार एकाच दराने शुल्क भरतात.

या अन्यायाचा सर्वांत ठळक दाखला सांगली-मिरज-कुपवाडच्या गुंठेवारी वस्त्यांचा आहे. बाजार समितीतले हमाल, कारखान्यांतले कामगार, दुष्काळी तालुक्यांतून पोटासाठी आलेली कुटुंबे यांनी शहराच्या कडेला गुंठा-दोन गुंठे जागा घेतली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्यांच्या खरेदीखतांची वाट अडली होती. मग साध्या मुद्रांकाच्या कागदावर व्यवहार झाला, पैसे दिले गेले, घरे उभी राहिली. दस्त मात्र नोंदला गेलाच नाही. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढविण्यात आली आणि २०२५ मध्ये शासनाने तुकडेबंदीचे निर्बंध शिथिल करण्याचे पाऊल उचलले. हे स्वागतार्ह आहे. परंतु दार उघडले म्हणजे आत जाणे परवडते असे नाही. जुन्या कागदावर शुल्क कमी पडले असेल, तर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के, चौपटीपर्यंत दंड कायद्याने सांगितला आहे. वर्षाला चोवीस टक्के हा दर सावकाराने लावला असता, तर त्याच्याविरुद्ध मोर्चा निघाला असता. तो सरकारने लावला म्हणून न्याय्य ठरत नाही.

सरकारला पैसा हवा, हे उत्तर नेहमी मिळते. राज्याच्या उत्पन्नात मुद्रांक शुल्काचा वाटा मोठा आहे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु साथीच्या काळात, १ सप्टेंबर २०२० पासून चार महिने शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांनी कमी करण्यात आले. बांधकाम व्यवसाय सावरावा, हा त्यामागील विचार होता. बिल्डरांच्या गोदामात पडून असलेल्या घरांसाठी तिजोरी हात सैल सोडू शकते, तर गुंठेवारीतल्या कष्टकऱ्यासाठी का नाही? प्रश्न पैशाचा कमी आणि इच्छेचा अधिक आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. नोंदणी फीवरील कमाल मर्यादा उठवावी आणि त्यातून मिळणाऱ्या पैशातून लहान व्यवहारांना सूट द्यावी. स्वतःच्या राहण्यासाठी घेतलेल्या दोन गुंठ्यांपर्यंतच्या जागेवर आणि भूमिहीनाच्या पहिल्या शेतजमिनीवर नाममात्र शुल्क असावे. गुंठेवारीतील जुन्या कागदांवरील दंड सरसकट माफ व्हावा. आणि दुय्यम निबंधकाने ठरलेल्या दिवशी माण, जत, आटपाडीच्या गावांत जाऊन दस्त नोंदवावेत. जे १८७९ च्या कायद्याला सुचले, ते आजच्या लोकशाहीला का सुचू नये?

शासन ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. वस्तीवस्तीत बसून घराघरातील कागद पाहावेत, कोणाचा दस्त नोंदलेला नाही आणि सातबाऱ्यावर कोणाचे नाव अजून चढलेले नाही याची यादी करावी. त्यात बहिणींकडून घाईघाईने लिहून घेतलेली हक्कसोडपत्रेही डोळ्यांखालून घालावीत. प्रतिसरकारचे बळ बंदुकीपेक्षा गावोगावच्या अशा चिकाटीच्या कामात होते. कष्टकऱ्याच्या हाती त्याच्या घराचा पक्का कागद ठेवणे, हे त्या वारशाचेच पुढचे पाऊल आहे.