मीठ, खनिजे आणि रक्तदाब : भिलाईच्या संदर्भात एक दृष्टिक्षेप

जेवणातील मीठ कमी करा, हा सल्ला उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला मिळतो. मात्र सारखेच मीठ खाणाऱ्या दोन व्यक्तींचा रक्तदाब सारखाच वाढतो, असे नाही. आहारात पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही खनिजे किती आहेत, यावरही मिठाचा परिणाम अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये साध्या मिठाऐवजी पोटॅशियमयुक्त, कमी सोडियमचे मीठ वापरण्याची सशर्त शिफारस केली. त्यामुळे हा विषय आता आरोग्य धोरणाशी जोडला गेला आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले होते. दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतीय प्रौढ दररोज सरासरी ८ ग्रॅम मीठ खातात. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा ५ ग्रॅमची आहे. प्रौढांना दररोज किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळावे, असेही संघटनेने सुचवले आहे. पण या दुसऱ्या शिफारशीची चर्चा क्वचितच होते.

मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते आणि रक्तवाहिन्यांवरील दाब वाढवते. पोटॅशियम पुरेसे असेल, तर मूत्रपिंडे जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतात. ते कमी पडले, तर पोटॅशियम वाचवण्याच्या प्रयत्नात मूत्रपिंडे सोडियमही राखून ठेवतात. मॅग्नेशियम रक्तवाहिन्या सैल होण्यास मदत करते, तर कॅल्शियमच्या कमतरतेमुळे त्या आकुंचन पावण्याची प्रवृत्ती वाढते.

अमेरिकेत ४१२ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीचा अमेरिकी आहार घेणाऱ्यांचे मीठ बरेच कमी केल्यावर त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ६.७ अंकांनी उतरला. फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ भरपूर असलेल्या आहारात हीच घट ३ अंकांची होती. याचा अर्थ, खनिजसमृद्ध आहारात मिठाचा उपद्रव मुळातच कमी होता. दोन्ही उपाय एकत्र केल्यावर सर्वाधिक, म्हणजे ८.९ अंकांचा फरक पडला.

भारतातील पुरावा छत्तीसगडच्या शेजारी, तेलंगणात मिळतो. सिद्दीपेट परिसरातील ७ गावांमध्ये उच्च रक्तदाबाच्या ५०२ रुग्णांवर झालेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ७० टक्के सोडियम क्लोराईड आणि ३० टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेले मीठ ३ महिने वापरल्यावर वरचा रक्तदाब ४.६ अंकांनी कमी झाला. त्याच वर्षी चीनमधील ६०० गावांच्या अभ्यासात अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

हे निष्कर्ष प्रत्यक्षात कसे लागू पडतील, याचा विचार भिलाई पोलाद कारखान्याच्या नगरीतील रुआबांधा वसाहतीच्या संदर्भात करता येईल. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाल्यापासून या नगरीत देशभरातून कामगार आले. त्यात मराठी कुटुंबेही होती. भट्टीजवळ काम करताना घामावाटे मीठ जाते आणि ते भरून काढावे लागते. निवृत्तीनंतर मात्र घाम थांबतो, तरी जिभेची सवय टिकू शकते. छत्तीसगडी घरातील बासीबरोबरचे मीठ असो वा मराठी घरातील लोणचे आणि पापड, पदर मिठाचाच असतो. दुसरीकडे लालभाजी, चेचभाजी, शेवगा आणि डाळी हा खनिजांचा साठाही याच मातीतला आहे. भाज्या उकडून पाणी फेकल्यास त्यातील बरेचसे पोटॅशियम वाया जाते. सैंधव किंवा काळे मीठ हा पर्याय नव्हे; त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराईडच असते.

मात्र पोटॅशियमयुक्त मीठ सर्वांसाठी नाही. मूत्रपिंड दुबळे असल्यास रक्तात पोटॅशियम साचून हृदयाची गती बिघडू शकते. गर्भवती महिला, बालके आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना आरोग्य संघटनेने शिफारशीतून वगळले आहे. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी रक्तदाबाची औषधेही पोटॅशियम वाढवतात. छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा हे गाव मूत्रपिंडाच्या विकाराने झालेल्या मृत्यूंमुळे देशभर ओळखले जाते. अशा राज्यात तपासणीविना मीठ बदलणे जोखमीचे ठरेल.

किंमत हा दुसरा अडसर आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या चेन्नईतील ३०० दुकानांच्या पाहणीत कमी सोडियमचे मीठ केवळ २८ टक्के दुकानांत, तर छोट्या किराणा दुकानांपैकी ४ टक्क्यांतच आढळले. १०० ग्रॅममागे त्याची सरासरी किंमत ५ रुपये ६० पैसे होती. साध्या आयोडिनयुक्त मिठाची २ रुपये ७० पैसे.

त्यामुळे हे मीठ स्वस्त करण्याचा वा शिधावाटपात आणण्याचा विचार झाल्यास त्याआधी रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी सहज उपलब्ध करावी लागेल. तोपर्यंत मीठ कमी करणे आणि ताटात भाजी, डाळ, फळे, दही वाढवणे हा बहुसंख्यांसाठी सुरक्षित मार्ग आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र आहारातील असा बदलही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करणे हितावह आहे.