रिकामा वाद्यवृंद आणि भरला गळा

परदेशातून आलेल्या वस्तूची सोय बंदरावर टाकून द्यायची आणि जाच तेवढा घरी आणायचा, ही आपली जुनी खोड आहे. कराओकेच्या बाबतीत आपण नेमके हेच केले आहे. शिरूर-दौंडसारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा आता हळदीकुंकू, नवरात्र किंवा ८ मार्चचा महिलादिन कराओकेवाचून साजरा झाल्यासारखा वाटत नाही. मंगल कार्यालयात माइक येतो, पडद्यावर अक्षरे सरकू लागतात आणि शेती, नोकरी, घरदार सांभाळून पन्नाशीला आलेल्या बाया चारचौघांत उभ्या राहून गातात. ही गोष्ट मला मनापासून आवडते. माझे भांडण या गाणाऱ्यांशी मुळीच नाही. ते आहे त्यांना गाणे सुचवणाऱ्या आणि गुण देणाऱ्या जाणकारांशी.

या जाणकारांचे शास्त्र सोपे आहे. भित्र्या बाईने सोपे गाणे म्हणावे, धीट बाईने अवघड म्हणावे. आणि अवघड म्हणजे उंच. लता मंगेशकरांचे गाणे त्यांच्याच पट्टीत, त्यांच्याच लयीत, त्यांच्याच हरकतींसह म्हणता आले की बाई पास. पट्टी दोन घरे खाली घेतली की परीक्षकांच्या कपाळाला आठी पडते आणि मागल्या रांगेतून शेरा येतो, ‘‘झेपत नव्हते तर घ्यायचे कशाला?’’ जिचा आवाज मुळातच भरदार आणि खालचा आहे, ती मग पुढच्या वर्षी गात नाही. खुर्च्या मांडते, तिळगूळ वाटते. एका अडाणी नियमापायी एक चांगला आवाज कायमचा गप्प बसतो, हे नुकसान लहान समजू नये.

‘कराओके’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’. त्याचा जनक कोण, यावर वाद आहे. शिगेइची नेगिशी यांनी १९६७ साली तोक्योत असे यंत्र केले होते. परंतु हा छंद लोकांत रुजवण्याचे श्रेय बहुधा कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांना दिले जाते. हे गृहस्थ मद्यगृहांत गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करून पोट भरत. त्यांचे एक गिऱ्हाईक सहलीला निघाले आणि साथीला चला म्हणू लागले. इनोउएंना जाणे जमेना. तेव्हा त्यांनी त्या माणसाच्या गळ्याला आणि चालीला सोसेल अशी साथ फितीवर भरून दिली. त्यातूनच १९७१ साली त्यांनी ११ यंत्रे तयार करून भाड्याने दिली. पेटंट मात्र घेतले नाही! म्हणजे ज्या वस्तूच्या जन्माचे कारणच ‘गाणाऱ्याच्या गळ्याला जुळती साथ’ हे होते, तिच्यापुढे आपण गाणारीलाच यंत्राला जुळवून घ्यायला लावतो. पट्टी वरखाली करण्याची कळ त्या यंत्रात असते, आता तर मोबाईलमध्येही असते. ती दाबणे आपल्याकडे नामुष्कीचे ठरले आहे.

तिकडे अवघड गाण्यांचा शौक नाही, असे कोणी समजू नये. सायुरी इशिकावा या गायिकेचे ‘आमागी-गोए’ हे १९८६ सालचे गाणे सामान्यांना सहजी म्हणता येऊ नये अशाच बेताने रचलेले. प्रेम आणि मत्सर यांनी पेटलेल्या बाईचे ते गाणे खालच्या सुरात धुमसत सुरू होते आणि शेवटी भडकते. झाले उलटेच! कराओकेला जाणाऱ्या जपानी बायांनी तेच उचलून धरले. त्याची अवघड जागा केवळ शिखरावर नाही. आरंभीचा खालचा सूर न बुजता लावणे, आणि ‘कोबुशी’ म्हणून त्यांच्याकडे जी गळ्याची मुरड असते ती शब्दाच्या पोटातून काढणे, यात तिथे कस लागतो. आपल्या मुरकीची ही चुलत बहीणच.

मग उंची हीच कसोटी आपल्याकडे कुठून आली? १९४९ च्या ‘महल’नंतर लताबाईंचा आवाज हा स्त्रीच्या आवाजाचा नमुना ठरला. त्यांची थोरवी वादातीत आहे. परंतु एका गळ्याची थोरवी इतर लाखो गळ्यांवर सक्ती म्हणून लादावी असे त्या थोरवीत काहीच नाही. त्याआधी काय होते? बालगंधर्वांसारखे नेसावे, बालगंधर्वांसारखे गावे, असा बायांना धडा होता. म्हणजे बाईने बाईसारखे कसे दिसावे आणि गावे हे एका पुरुषाकडून शिकायचे! नमुना बदलला, नक्कल तीच राहिली. आणि याच काळात हुबळीच्या गंगूबाई हनगल आपल्या जाड, पुरुषी म्हटल्या गेलेल्या आवाजात उभ्या महाराष्ट्राला डोलायला लावत होत्या, याचा मात्र आमच्या परीक्षकांना विसर पडतो.

फार लांब कशाला जा? शिरूरहून न्हावरेमार्गे दक्षिणेला निघाले, भीमा ओलांडली, की दौंड तालुक्यातला चौफुला लागतो. तिथल्या संगीतबारीत बाई गायला बसली की पेटी तिच्या पट्टीत लागते. ती एका शब्दावर थांबली की ढोलकी थांबते. तिने ओळ पाच तऱ्हांनी फिरवली तर साथीदार पाचही वेळा तिच्या मागे जातात. वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीत हेच करत आल्या आणि २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याहून जुनी गोष्ट जात्याची. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हाँ यांनी पुणे जिल्ह्यासह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या गाणाऱ्या बायांच्या कष्टांचा मला गौरव करायचा नाही. भल्या पहाटे दळणे हे सुख नव्हते. पण खुंटा तिच्या हातात होता, म्हणून लयही तिच्या हातात होती. तिच्याच नातीला आज आम्ही यंत्राच्या लयीमागे धापा टाकत धावायला लावतो आणि त्याला आत्मविश्वास म्हणतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, पट्टी बदलली की गाण्याचा अवमान होतो. मुळीच नाही. पट्टी उतरवली तरी सुरासुरांतले अंतर तेच राहते, चाल तीच राहते. संगीतकारांनीही मूळ पट्टी गाणाऱ्याचा गळा पाहूनच धरलेली असते. मग तोच न्याय आपल्या गावच्या बाईला का नको? दुसरा आक्षेप सोवळ्याचा आहे: उंच गाणी नकोत तर काय घरंदाज बायांनी लावण्या म्हणायच्या? जरूर म्हणाव्यात! आचार्य अत्र्यांनी ज्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले त्या सुलोचना चव्हाण डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गात. शब्दाची फेक, श्वासाचा हिशेब आणि ठेक्याशी चाललेली लाडीगोडी यांत लावणी जितकी अवघड आहे तितके वरच्या पंचमाला किंचाळणे खचित नाही.

तेव्हा धीट गाणारीने काय करावे? गाणे खुशाल अवघड निवडावे. नाट्यपद, लावणी, अभंग, वाटल्यास जपानीसुद्धा. आधी यंत्र बंद ठेवून नुसत्या पेटीवर ते म्हणून पाहावे. सर्वांत वरचा सूर ओरडावा लागू नये आणि सर्वांत खालचा पुटपुटावा लागू नये, ते आपले घर. मग कळ दाबून यंत्राला त्या घरी बोलवावे. आणि परीक्षकांनी गुणपत्रिकेतला ‘मूळ गाण्याशी साम्य’ हा रकाना यंदाच्या नवरात्रापासूनच खोडून टाकावा. साम्यच ऐकायचे असेल तर मूळ ध्वनिमुद्रिका घरोघर आहे. त्यासाठी शेजारणीला माइकपुढे उभे करून घाम फोडण्याचे कारण नाही. वाद्यवृंद रिकामा ठेवला आहे तो तिने स्वतःच्या आवाजाने भरावा म्हणून.