एका विद्यार्थ्यास उशिरा दिलेले उत्तर

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमविण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. कार्यालयातील लोखंडी कपाट, निवृत्त शिक्षकांच्या घरच्या पेट्या, माजी विद्यार्थ्यांचे अल्बम असे दोन महिने धुंडाळले, तेव्हा हाती आले ते इतकेच: प्रमुख पाहुण्यांचे स्वागत, प्रमुख पाहुण्यांचे भाषण आणि प्रमुख पाहुण्यांसमवेत शिक्षकवृंद. तालुक्याहून बोलाविलेला छायाचित्रकार पाहुण्यांबरोबर येई व पाहुण्यांबरोबरच परत जाई. पहाटे चारला उठून दोनशे मुलांच्या भाकरी थापणाऱ्या मावशींचे एकही छायाचित्र आम्हांस सापडले नाही. पहिली तुकडी ज्या पत्र्याच्या खोलीत झोपत असे, ती खोलीही कोठे दिसत नाही. इतिहास शिकविणाऱ्याला ही उणीव इतरांहून अधिक बोचते. कारण जे साधनांत नाही ते पुढच्या पिढीसाठी घडलेच नव्हते असे ठरते, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत.

या शोधात आमची एक जुनी चूक आम्हांस आठवली. बारा-पंधरा वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. मामाचा लहानसा कॅमेरा तो सुटीनंतर वसतिगृहात घेऊन आला आणि दोरीवर वाळणारे गणवेश, पंगतीतल्या ताटल्या, दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलांच्या पाठी असले काहीबाही टिपत असे. निरोप समारंभाच्या दिवशी त्याने विचारले, "सर, यातच पुढे काही करता येईल का?" आम्ही म्हणालो, "बाळा, असले छंद पोट भरलेल्यांचे. आधी डी.एड. कर, नोकरी लागली की कॅमेरा घे." त्याने ऐकले. डी.एड. झाले, भरती मात्र वर्षानुवर्षे रखडली. या काळात तो दुसऱ्याच्या गोदामात हिशेब लिहीत राहिला.

आमचे उत्तर दुष्टाव्याचे नव्हते, एवढे आम्ही आमच्या बाजूने म्हणू. ज्या घरांत पहिलीच पिढी शाळेत आली, तेथे सरकारी नोकरी ही केवळ नोकरी नसते. सावकाराच्या दारातून आणि पाटलाच्या वाड्यावरून सुटण्याची ती वाट असते. त्या वाटेवरून आम्ही स्वतः आलो आहोत. परंतु आपण ज्या शिडीने चढलो ती एकच शिडी जगात आहे, असे शिक्षकाने समजणे हा अनुभवाचा दुरुपयोग होय.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांचे चरित्र आम्ही पुढे वाचले आणि त्यातील एका शिक्षिकेपाशी थबकलो. पार्क्स यांचा जन्म १९१२ सालचा, कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट गावचा. पंधरा भावंडांत धाकटे. महाविद्यालयात जाऊन आईबापांचे पैसे वाया घालवू नका, शेवटी तुम्हांला हमाल आणि मोलकरणीच व्हायचे आहे, अशा अर्थाचा उपदेश त्या बाई कृष्णवर्णीय मुलांना करीत. पार्क्स यांनी हॉटेलांत व आगगाडीत वाढप्याचे काम केले. प्रवाशाने टाकून दिलेल्या एका मासिकात स्थलांतरित मजुरांची छायाचित्रे त्यांनी पाहिली आणि गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. वय पंचविशीचे. शिक्षण शाळेतच सुटलेले.

यापुढचा भाग आमच्या मुलांनी नीट वाचावा. पार्क्स एकदम थोर झाले नाहीत. सेंट पॉल शहरातील एका उंची कपड्यांच्या दुकानाचे काम त्यांनी मागून घेतले, आणि त्या पहिल्याच कामात एक सोडून सर्व छायाचित्रे एकावर एक उमटून वाया गेली. उरलेले एक त्यांनी मोठे करून दाखविले, काम टिकले. पोटासाठी कपड्यांची आणि धनिक स्त्रियांची छायाचित्रे, आणि त्याच कमाईच्या आधारे शिकागोच्या काळ्या वस्तीची छायाचित्रे, असा त्यांचा दुहेरी क्रम होता. वस्तीच्या छायाचित्रांनी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना त्यांनी हातात झाडू देऊन राष्ट्रध्वजासमोर उभे केले; ते छायाचित्र आज अमेरिकेच्या इतिहासाचे साधन आहे. १९४८ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने त्यांना नोकरीत घेतले. तेथे छायाचित्रकार म्हणून नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. पुढे विद्यापीठांनी सन्माननीय पदव्या दिल्या, तेव्हा त्यांनी त्या बाईंचे स्मरण आवर्जून केले. ते वाचताना आम्हांस घाम फुटला, हे लपविण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे कॅमेरा कोणाच्या हाती होता आणि कोणाकडे रोखलेला होता, हेही पाहिले पाहिजे. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारच्या आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. त्यांत या देशातील जाती-जमातींची माणसे नमुन्यासारखी उभी केली आहेत. खाली जात लिहिली आहे, वर्णन दुसऱ्याने केले आहे. त्या चौकटीतील माणसाचे म्हणणे कोणी नोंदविलेले नाही. याउलट मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे त्यांच्यात वावरून टिपणारे सुधारक ओलवे पाहा. वृत्तपत्रातील छायाचित्रकाराची नोकरी सांभाळून त्यांनी हा विषय धरून ठेवला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या छायाचित्रांतील कामगार नमुना म्हणून उभा नसतो. तो गटारात उतरलेला असतो, आणि पाहणाऱ्याला मान खाली घालावी लागते.

छंद जोपासला की पैसा मागोमाग येतो, असे सांगणारी भाषणे हल्ली फार होतात. आम्ही तसे सांगणार नाही. या धंद्याचे गणित कठोर आहे. ग्रामीण भागात त्याचा कणा लग्नसराई हाच आहे. चार-पाच महिन्यांची कमाई वर्षभर पुरवावी लागते. पासपोर्टच्या फोटोवर चालणारे स्टुडिओ मोबाइलने खाल्ले. बरा कॅमेरा आणि दोन लेन्सा घ्यायच्या तर मुद्रा योजनेतील शिशु गटाचे ५०,००० रुपयांचे कर्जही अपुरे पडते. म्हणून पहिली दोन वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढावीत, साहित्य भाड्याने आणावे, हेच शहाणपणाचे. रीतसर शिकायचे असेल तर मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण शिकविले जाते, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतर चलच्छायाचित्रणाचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशाची तयारी मात्र अकरावीपासूनच करावी लागते, हे आमच्यासारख्या शिक्षकांना ठाऊक नसते म्हणून मुलांना ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो. परंतु मोबदला देऊन कोणी ते काढवून घेतले असेल, आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. म्हणजे चार ओळींचा लेखी करार नसल्यास आयुष्यभराचे काम दुसऱ्याचे होऊ शकते. होमाई व्यारावाला यांच्यासारख्या थोर बाईंची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली, हे आठवले म्हणजे छायाचित्राखालच्या बारीक अक्षरांतील नावाचे मोल कळते.

आणि सम्यक आजीविका हा शब्द ज्या शाळेत रोज उच्चारला जातो, तेथील मुलाने एवढे तरी पाळावे की दुःखात असलेल्या माणसाचे छायाचित्र त्याला विचारल्यावाचून काढू नये. विचारण्यात वेळ जातो, क्षण निसटतो, हे खरे. निसटू द्यावा.

तो मुलगा गोदाम सोडून एका स्टुडिओत मदतनीस झाला, हे आम्हांस फार उशिरा कळले. आता तालुक्याच्या गावी त्याचे स्वतःचे काम आहे; लग्ने करतो, आणि उन्हाळ्यात ऊसतोड मजुरांच्या परतणाऱ्या गाड्यांबरोबर दोन-दोन दिवस फिरतो. त्या दुसऱ्या कामाचे त्याला अद्याप कोणी पैसे दिलेले नाहीत. या अंकासाठी आम्ही त्यास बोलाविले. तो पहाटे साडेतीनला स्वयंपाकघरात हजर झाला. निवृत्त झालेल्या मावशींना त्याने आधी घरी जाऊन विचारले होते, त्या नवे लुगडे नेसून आल्या आणि चुलीपुढे बसून त्याला म्हणाल्या, "तेव्हा ताटाचे फोटो काढायचास, आता माझा काढतोस होय रे?"

आठ दिवसांनी छायाचित्रे आली आणि सोबत बिलही आले. मंडळाच्या बैठकीत कुजबुज झाली की माजी विद्यार्थी आहे, शाळेचे अन्न खाल्ले आहे, त्याने बिल लावावे काय? छपाईवाल्याचे, मांडववाल्याचे बिल याच बैठकीत विनाचर्चा मंजूर झाले होते, एवढेच आम्ही निदर्शनास आणले. बिल पूर्ण चुकते झाले. पावतीच्या मागे त्याने लिहिले होते, "फोटोखाली माझे नाव येईल ना, सर?" मुद्रकाकडे आम्ही स्वतः दोनदा जाऊन ते तपासून आलो आहोत.