मूर्ती शाबूत पोहोचते, मग सायकल का मोडते?



पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून गणेशमूर्ती परदेशी रवाना होतात. सोंड, कान, आशीर्वादाचा हात, असा जो भाग बाहेर येतो तोच आधी दुखावतो, हे इथल्या कामगाराला शिकवावे लागत नाही. पोकळी भरायची आणि मूर्ती खोक्यात हलू द्यायची नाही, हे तो जाणतो. त्याच पेणचा किंवा शेजारच्या रोह्याचा सायकलस्वार मात्र विमानाने निघताना पुठ्ठ्याच्या खोक्यात सायकल सरकवतो, वर ‘नाजूक’ अशी चिठ्ठी डकवतो आणि बाकीचे विमान कंपनीवर सोपवतो.

हे आत्ताच बदलायला हवे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. हा विमानतळ रायगड जिल्ह्यातच आहे. सायकलीसाठी मुंबई ओलांडून सहार गाठायचे म्हणून जे आजवर बेत सोडून देत, तेही आता निघतील.

‘सामान आपटणाऱ्यांना आवरा, आमच्या पॅकिंगला नावे का ठेवता?’ असा प्रश्न हमखास येतो. हाताळणी सुधारायला हवी, यात वाद नाही. पण सायकलीचे खोके लांब आणि चपटे असते. उभे ठेवले तरी ते कुठेतरी आडवे होणार आणि त्यावर बॅगा चढणार, हे धरूनच चालावे लागते. चाक काढलेला पुढचा चिमटा अशा वजनाखाली दबतो. नवी सायकल दुकानात येते तेव्हा त्या चिमट्यात प्लास्टिकचा एक आडवा तुकडा बसवलेला असतो. दुकानदार तो फेकून देतात. खरे तर तो मागून घ्यावा. नाहीच मिळाला तर त्या मापाचा लाकडी ठोकळा बसवावा. मागचा गिअर सोडवून, गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधावा, कारण सायकलीची सोंड म्हणावी तर तीच. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी सारावी, नाहीतर वाटेत ब्रेक दाबला जाऊन पॅड एकमेकांना चिकटतात. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. हे ठाऊक नसल्यामुळे ऐन वेळी पाना लावून झटापट करणारे अनेक जण आहेत.

विमानात टायर फुटेल ही भीती तर अवास्तवच. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे फरक फार मोठा नाही. टायरमधला दाब जेमतेम चार पीएसआयने वाढल्यासारखा होतो. कंपन्या हवा कमी करायला सांगतात, ते जरूर करावे. पण टायर पार चपटा केला तर रिमला कसलाच आधार उरत नाही.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघून सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. खंड बदलताना सायकलीला विमानाशिवाय मार्ग नव्हता. इतक्या लांबच्या वाटेवर सायकल खोलणे-जोडणे हे पायांच्या ताकदीइतकेच महत्त्वाचे कौशल्य ठरते. आपल्याकडच्या सायकल क्लबांत मात्र पंक्चर काढायला शिकवतात, खोके भरायला नाही.

नियमही आधी वाचावेत. एका नगाचे वजन ३२ किलोच्या वर गेले की बहुतेक ठिकाणी तो स्वीकारत नाहीत. ई-सायकलची बॅटरी १६० वॅट-तासांपेक्षा मोठी असेल तर प्रवासी विमानातून सामान म्हणून जातच नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात सायकलीला इजा झाली तर मॉन्ट्रियल करारानुसार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. म्हणून खोके घरी नेऊन आठवडाभर न उघडता ठेवू नये, आणि बंद करण्याआधी आतले फोटो काढून ठेवावेत.

अमेरिकेत पोर्टलंडच्या विमानतळावर सायकल जोडण्यासाठी स्टँड, पाने आणि पंप ठेवले आहेत. नवी मुंबईला तेवढा एक कोपरा देणे अवघड नाही. सायकल संघटनांनी एकत्र येऊन ती मागणी लेखी करावी. तोवर पेण आणि रोह्यातल्या सायकल दुकानदारांनी रिकामी खोकी आणि ते प्लास्टिकचे तुकडे भंगारात न घालता माळ्यावर ठेवावेत, आणि पॅकिंगचे रास्त पैसे घ्यावेत. गिऱ्हाईक आनंदाने देईल.

— एक वाचक, पेण