जुन्या मोटारसायकलीचें अडखळणारें इंजिन : आधीं कारण, मग पाना

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरीं जुनी मोटारसायकल ही चैनीची वस्तु नव्हे. पहाटे दुधाच्या कॅना संकलन केंद्रावर पोंचविणें, विहिरीवरील पंपाचा नादुरुस्त भाग तालुक्याच्या गांवीं नेणें, रात्रीं-अपरात्रीं आजारी माणसास दवाखाना गांठून देणें, हीं कामें ती करते. मद्रासेस १९५५ सालापासून तयार होऊं लागलेली बुलेट, एस्कॉर्ट्स कारखान्यानें १९६२ सालापासून काढलेली राजदूत आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझदी ह्या गाड्या अद्यापि कोठें कोठें वस्तीवर राबत आहेत. राजदूत आतां निघत नाहीं. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. सबब ह्या गाड्यांचें आयुष्य आतां मालकाच्या व गांवच्या मिस्त्रीच्या समजुतीवर अवलंबून आहे. ती समजूत दिवसेंदिवस उणी होत चालली आहे, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

गाडी ‘मिसिंग’ मारूं लागली, झटके घेऊं लागली, कीं पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या स्क्रूकडे. त्यानें गुण आला नाहीं कीं नवा कार्बोरेटर घेतात. त्यानेंहि न भागलें तर हेड उघडतात. आणि अखेरीस बोअर करून नवा पिस्टन घालतात. इतकें होऊन दोष कित्येकदां असतो तो झिजलेल्या पॉइंटांत अथवा मेलेल्या कंडेन्सरमध्यें! पंचनामा न करतां निकाल देण्याचाच हा प्रकार आहे. आमचें स्पष्ट मत असें कीं, इंजिनाच्या दुरुस्तींत हातचलाखीपेक्षां अनुक्रमास महत्त्व अधिक आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, ती लिहून ठेवावी, आणि परिणाम पाहिल्यावांचून दुसरीस हात घालूं नये.

पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात : योग्य मिश्रण, योग्य क्षणीं ठिणगी आणि पुरता दाब. प्रथम टाकी पाहावी. चालतां चालतां गाडी मरगळून बंद पडली आणि टाकीचें झांकण उघडतांच हवा ओढल्याचा आवाज झाला, तर झांकणाचें वायुछिद्र बुजलें आहे असें समजावें. आमच्या काळ्या मातीची बारीक धूळ हें काम सहज करते. नंतर नळी काढून पेट्रोलची धार अखंड येते कीं नाहीं, फ्लोटच्या वाटींत गंज वा पाणी सांचलें आहे काय, हवेची जाळी धुळीनें भरली आहे काय, हें तपासावें.

मग प्लग काढावा, कारण प्लग हा इंजिनाचा सात-बारा आहे. फिकट तपकिरी रंग असला तर प्रकृति ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जात आहे. तेलकट ओलसरपणा असेल तर तेल वर येत आहे. मात्र राजदूत व येझदी ह्या दुस्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असल्यानें तेथें आधीं तेलाचें प्रमाण तपासावें. प्लग पांढराफटक दिसला तर मिश्रण पातळ आहे किंवा इंजिन फार तापतें आहे, असें अनुमान करावें.

ठिणगीचें काम पॉइंट, कंडेन्सर व कॉइल ह्या तिघांचें. बुलेटच्या पॉइंटांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी आणि ती फिलर गेजनेंच मोजावी. पोस्टकार्डाच्या अंदाजानें नव्हे. पॉइंटाची टांच झिजली कीं फट कमी होते व ठिणगी उशिरा पडूं लागते. म्हणून आधीं फट, मग टायमिंग, आणि सर्वांच्या शेवटीं कार्बोरेटर, असा क्रम आहे. हा क्रम उलटा केला तर पुढची प्रत्येक गोष्ट मागचीस बिघडविते. पॉइंटांवर मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि ते वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर बदलून पाहावा. गाडी थंड असतां चालते, तापली कीं बंद पडते, आणि अर्ध्या तासानें पुन्हां सुरू होते, अशा वेळीं टाकीचें झांकण निर्दोष ठरल्यावर संशय कॉइलवर व कंडेन्सरवर घ्यावा.

तिसरी गोष्ट दाबाची. जुन्या बुलेटचे टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतां, पिस्टन दाबाच्या फेऱ्यांत माथ्यावर आणून पाहावेत. पुशरॉड बोटांनीं सहज फिरावा, पण वर-खालीं खेळूं नये. टॅपेट आवळून ठेवले तर झडप पुरती बसत नाहीं, आणि सोलापूरच्या वैशाखांत एक्झॉस्टची झडप जळावयास वेळ लागत नाहीं. दुस्ट्रोक गाडींत झडपांचा प्रश्न नाहीं. तेथें क्रँकचें ऑइल सील आणि काजळीनें बुजलेला सायलेन्सर ह्यांकडे पाहावें. मूठ सोडूनहि इंजिन आपोआप पळूं लागलें, तर कोठून तरी हवा आंत शिरत आहे असें धरून चालावें.

हें सर्व झाल्यावरच, इंजिन तापलेलें असतां, कार्बोरेटरला हात लावावा. मिककार्ब जातीच्या कार्बोरेटरांत हवेचा स्क्रू आंत घेतला तर मिश्रण जाड होतें, बाहेर काढला तर पातळ. तो हलकेंच बसवून सुमारें दीड फेरा मागें घ्यावा, आणि जेथें इंजिन सर्वांत सुरळीत व जलद चालेल तेथें ठेवून मग रेस कमी करावी.

येथें एका नव्या कारणाचा विचार आवश्यक आहे, आणि तें कारण आमच्याच शेतांतून निघालें आहे. उजनीच्या पाण्यावर जिल्ह्यांत ऊस वाढला, कारखाने वाढले, आणि आतां त्याच उसापासून होणारें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळलें जातें. २००३ सालीं शेंकडा ५ पासून आरंभ झाला. २०१८ च्या धोरणानें शेंकडा २० चें उद्दिष्ट २०३० सालासाठीं ठरविलें होतें, तें २०२५ सालींच गांठलें गेलें. उसाच्या पैशास ह्यामुळें आधार मिळतो, म्हणून इथेनॉलला दोष देणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु जुन्या गाडीवर त्याचा परिणाम होतो, हें दडवून ठेवणेंहि योग्य नव्हे.

निव्वळ पेट्रोल जळण्यास वजनानें सुमारें १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. शेंकडा २० मिश्रणास ती सुमारें साडेतेरा पट पुरते. नव्या गाडींतील यंत्रणा हा फरक ओळखून इंधन वाढविते. जुन्या जेटला तें ज्ञान नाहीं. ज्या गाडीचें मिश्रण आधींच पातळ आहे ती ह्यामुळें अधिक तापते, मूठ पिळतांच अडखळते, कार्बोरेटरांतून फटकारे मारते. प्लग पांढरा दिसल्यास सुईची क्लिप एक खांच खालीं बसवून सुई वर घ्यावी, अथवा मुख्य जेट एका क्रमांकानें मोठा घालावा. इथेनॉल जुन्या रबरास फुगवितें व पाणी ओढून घेतें. सबब पेट्रोलची नळी व कॉकचें रबर अल्कोहोल सोसणारें बसवावें. आणि गाडी महिनोगणती उभी राहणार असेल तर टाकी व फ्लोटची वाटी रिकामी करावी.

आमची सूचना अशी कीं, जे कारखाने इथेनॉल विकतात त्यांनीं आपल्या सभासदांच्या जुन्या गाड्यांसाठीं वर्षांतून एकदां, गळिताचा हंगाम संपल्यावर, तपासणीचें शिबिर भरवावें. त्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांस गांवच्या जुन्या मिस्त्रींजवळ बसवावें, म्हणजे विद्या पुढच्या पिढीकडे जाईल. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक फिलर गेज, प्लगचा पाना, कांहीं जेट व एक चांगला कंडेन्सर संग्रहीं ठेवावा. हा खर्च एका अनाठायीं केलेल्या बोअरच्या खर्चाहून कमीच होईल.

आणि मालकानें एक वही घालावी. कोणत्या तारखेस काय बदललें, फट किती ठेवली, प्लगचा रंग कसा होता, एवढें त्यांत लिहावें. जमिनीचा हक्क जसा नोंदीवरून शाबीत होतो, तसा इंजिनाचा दोषहि नोंदीवरूनच शाबीत होतो. बैलाच्या खुरांकडे व दांतांकडे पाहून त्याची प्रकृति ओळखणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास प्लगचा रंग ओळखणें अवघड नाहीं. पाना उचलण्यापूर्वीं क्षणभर थांबून पाहण्याची संवय मात्र त्यानें लावून घेतली पाहिजे.