संस्थापकानंतरचे ‘आपलं घर’

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भूकंपाने किल्लारी-सास्तूर परिसरातील दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यात पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गला ‘आपलं घर’ उभारले. त्यामागे संस्थापक पन्नालाल सुराणा यांची जिद्द होती. या मुलांचे गाव, घर आणि गणगोत एका रात्रीत गेले होते.

अशा संस्थेची सूत्रे संस्थापकानंतर नव्या हाती जाताना खरा प्रश्न खुर्चीचा नसतो. विश्वस्तांचा बदल धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवला की कागदोपत्री काम संपते. देणगीदार मात्र एका माणसाच्या शब्दावर पैसे देत आलेले असतात. मुलांसाठी तर फरक याहून जवळचा: शाळेच्या प्रवेश अर्जावर पालक म्हणून सही करणारा, कोणाला रात्री दचकून जाग येते हे ठाऊक असणारा माणूस बदलतो. म्हणून जुन्या कार्यकर्त्यांनी हयातीतच जबाबदारी वाटून द्यावी, हिशेब खुले ठेवावेत.

भूकंपात पाच वर्षांची असलेली मुले आज पस्तिशी ओलांडून गेली आहेत. अशा घरांत वाढलेल्यांना कार्यकारिणीत मानाने जागा द्यावी, आणि त्यांनीही ती घ्यावी.