गुरांचे डॉक्टर कोण कोण असतात?

स्थळाची चौकशी चालू असते. ‘मुलगा डॉक्टर आहे’ एवढे कानावर पडले की घरातली मंडळी खूश होतात. मग कुणीतरी विचारते, ‘कसला डॉक्टर?’ उत्तर ‘गुरांचा’ असे आले की आवाज एक पट्टी खाली येतो आणि ‘बरं, बरं’ म्हणून विषय बदलतो. बारावीनंतर साडेपाच वर्षे अभ्यास, त्यात वर्षभराची आंतरवासिता, शिवाय रोगी कधी गाय, कधी शेळी, कधी कुत्रा, तर कधी कोंबडी. त्यांतला एकही ‘पोटात दुखतंय’ असे तोंडाने सांगणारा नाही. हे सारे शिकलेल्या माणसाची आपण एका शब्दात बोळवण करतो.

या माणसांची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर बंगळुरूसारखे ठिकाण नाही. आपल्या डोळ्यांपुढे या शहराचे नाव घेताच संगणकाच्या कंपन्या येतात. पण हेब्बाळ भागात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथेच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे केंद्र आहे आणि १९२५ साली म्हैसूर सीरम संस्था म्हणून सुरू झालेली, जनावरांच्या लसी तयार करणारी संस्थाही आहे. आडुगोडीला १९९५ पासून जनावरांच्या पोषणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. येलहंक्याजवळची ‘निवेदी’ ही संस्था कोणत्या जिल्ह्यात कोणता पशुरोग केव्हा डोके वर काढील, याचा अंदाज बांधते. महात्मा गांधी १९२७ साली प्रकृतीसाठी बंगळुरूत राहिले होते, तेव्हा त्यांनी इथल्या सरकारी दुग्धशाळेत जाऊन गोपालनाचे धडे घेतले. तिथल्या नोंदवहीत त्यांनी आपला व्यवसाय ‘शेतकरी’ असा लिहिला होता.

अशा शहरात पशुवैद्यकाचा परिसंवाद भरला, की व्यासपीठावर कोण कोण बसते? निमंत्रणपत्रिकेवर सगळ्यांच्या नावाआधी ‘डॉ.’ असते. त्यामुळे सारे एकाच माळेचे मणी वाटतात. तसे ते नसतात. एक जण आयुष्यभर अडलेल्या गाई सोडवत आलेला असतो. दुसरा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा. तिसरा आकडेशास्त्राचा पीएच.डी., त्याने गाईच्या कासेला कधी हातही लावलेला नसेल, पण हजार गावांच्या नोंदींतून साथ कुठे सरकते आहे हे तो सांगू शकतो. चौथा माणसांचा डॉक्टर असतो. बंगळुरूच्याच निम्हान्स या संस्थेत रेबीजची, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाची, नावाजलेली प्रयोगशाळा आहे. आणि एखादा औषध कंपनीचा तज्ज्ञही असतो.

यांतले कुणी कमी, कुणी जास्त असे नाही. पण कोणाचे कोणत्या बाबतीत ऐकायचे, हे त्याची पार्श्वभूमी माहीत असल्याशिवाय कळत नाही. या शास्त्राचा इतिहासच तसा आहे.

रेबीजच्या लसीचेच पाहा. लस म्हटली की लुई पाश्चर यांचे नाव येते. पाश्चर माणसांचे डॉक्टर नव्हते आणि जनावरांचेही नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याआधी फ्रान्समधल्या लिआँ शहरातील पशुवैद्यकाचे प्राध्यापक गॅल्तिए यांनी हा रोग सशांवर अभ्यासता येतो हे १८७९ साली दाखवले होते. पुढे ६ जुलै १८८५ रोजी, कुत्र्याने फाडलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मेस्टरला लस टोचायची वेळ आली, तेव्हा पाश्चर यांना सुई हातात धरण्याचा परवाना नव्हता. टोचणी केली ग्रांशे या बालरोगतज्ज्ञाने. पशुवैद्य, रसायनशास्त्रज्ञ आणि माणसांचा डॉक्टर, अशा तिघांच्या विद्या एकत्र आल्या तेव्हा ते मूल वाचले.

आपल्याकडची गोष्टही अशीच आहे आणि ती पुण्यात सुरू होते. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड हे शिक्षणाने माणसांचे डॉक्टर होते. धोक्याचे जंतू भरवस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये ती प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. त्या काळी बुळकांडी या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे होत. बैल गेले की नांगर थांबे, आणि नांगर थांबला की घरातली चूल. १८९७ साली क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख या रोगावर सल्ला द्यायला मुक्तेश्वरला आले. तेही माणसांचेच डॉक्टर. नंतर १९२०च्या दशकात पशुवैद्य एडवर्ड्स यांनी तिथेच शेळ्यांमधून विषाणू सौम्य करून स्वस्त लस तयार केली.

म्हैसूर संस्थानातही याच रोगासाठी सीरम संस्था उभी राहिली. तिच्यामागे पुढाकार होता कृषिसंचालक लेस्ली कोलमन यांचा. हे कॅनडाचे गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. सुपारीच्या झाडांवरचा कोळेरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय!

लस आली म्हणून रोग लगेच गेला नाही. १९५४ साली देशात बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. भारतातली शेवटची लागण १९९५ मध्ये तामिळनाडूत झाली. २००६ साली भारत रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून पुसलेले रोग दोनच, देवी आणि बुळकांडी. त्यांतला दुसरा पुसण्याचे काम गावोगाव बर्फाच्या पेटीतून लस नेणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी केले. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही निमंत्रणपत्रिकेवर आली नाहीत.

एकट्या पशुवैद्याला न उलगडणारी कोडीही असतात. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातून डॉक्टर गेले, प्राणिशास्त्रज्ञ गेले, कीटकांचे अभ्यासक गेले. शोध लागला तो गोचिडीतून पसरणाऱ्या नव्या विषाणूचा. मोठ्या झालेल्या गोचिडी जंगलात चरणाऱ्या गुरांवर पोसतात. म्हणजे माणसाच्या तापाचे एक मूळ गोठ्याच्या वाटेवर होते. हाच माकडताप २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात आला. आता सांगा, हा प्रश्न गुरांच्या डॉक्टरचा की माणसांच्या?

उलट, एकाच विद्येच्या चौकटीत राहिल्याने काय होते, ते गिधाडांनी दाखवले. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध सर्रास दिले जाऊ लागले. गाईला आराम पडे, डॉक्टरांची तक्रार नव्हती, मालकाचीही नव्हती. पण अशा औषधाचा अंश शरीरात असताना मेलेले जनावर खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९० च्या दशकात भरतपूरला गिधाडे कमी होत असल्याचे टिपले ते पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी. मृत गिधाडांच्या तपासणीतून कारण पक्के केले अमेरिकन पशुवैद्यकीय संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००४ मध्ये. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर आकाशातली गिधाडे जवळजवळ संपली होती.

म्हणून तालुक्याच्या गावी पशुआरोग्य शिबिर भरले किंवा शहरात कुत्र्यामांजरांच्या आजारांवर व्याख्यान असले, तर वक्त्याला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. आपण नेमके कशाचे डॉक्टर? हे काम स्वतःच्या हाताने किती वर्षे केले? आणि आपला पगार कोण देते? यात उद्धटपणा नाही. कर्ज काढून घेतलेली गाय ज्याच्या दारात आहे, त्याला हे विचारायचा हक्क आहे. कंपनीचा तज्ज्ञ खोटेच बोलतो असे नव्हे. पण त्याने सुचवलेले महागडे टॉनिक घेण्याआधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचे मत घेतले, तर बिघडत काहीच नाही. ज्याची पार्श्वभूमी भक्कम असते, त्या वक्त्याला अशा प्रश्नांचा राग येत नाही. ‘हा माझा विषय नाही, अमक्याला विचारा’ असे जो मोकळेपणाने सांगतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

आणि ज्ञान काही नुसते व्यासपीठावर नसते. म्हैस आज रवंथ करत नाही, हे सर्वांत आधी लक्षात येते ते पहाटे धार काढणाऱ्या बाईच्या. डॉक्टरांनी तिला ‘काय दिसलं? कधीपासून?’ असे विचारले, की निम्मे निदान तिथेच होते. परिसंवादात तिच्यासाठीही एक खुर्ची ठेवायला हवी. तिच्या नावाआधी ‘डॉ.’ नसेल, पण सांगण्यासारखे तिच्याजवळ पुष्कळ आहे.